गाडीला घाई नसते

घरातली सगळ्यात जास्त वीज ओढणारी वस्तू हीच सगळ्यात कमी घाईची वस्तू असावी, हा योग तसा दुर्मीळच. दिव्याचं बटण दाबलं की उजेड त्याच क्षणी हवा असतो. पंखा, एसी, मिक्सर, इस्त्री, पाण्याचा पंप, सगळ्यांचं काम आत्ताचं. ‘तीन तासांनी फिरतो’ असं पंखा म्हणाला तर त्याचा उपयोग काय? इलेक्ट्रिक गाडीचं तसं नाही. ती संध्याकाळी येते, पार्किंगमध्ये उभी राहते आणि सकाळपर्यंत तिला कुठेही जायचं नसतं. बॅटरीत वीज रात्री नऊला गेली काय आणि पहाटे तीनला गेली काय, निघताना पडद्यावर आकडा तोच दिसतो.

तरीही प्लग खोचला रे खोचला की ती पूर्ण ताकदीने वीज ओढायला लागते. थांबलं तरी चालेल, असं तिला कोणी सांगितलेलंच नसतं. घरात गाडी आली, पाठोपाठ स्मार्ट मीटर आला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात ही एकच विसंगती घोळते आहे.

विजेच्या बाबतीत आपला प्रश्न ठरलेला असतो: किती? किती युनिट झाले, मागच्या महिन्यापेक्षा किती जास्त आले. त्या हिशेबाने पाहिलं तर गाडी फारशी भीतीदायक नाही. साधारण आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा-अठरा युनिट लागतात. रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे झाले सहा-सात युनिट. दोन खोल्यांत रात्रभर एसी चालवणाऱ्या घराला एवढे युनिट नवे नाहीत.

घोळ होतो तो दुसऱ्या आकड्यात. सहा युनिट एका तासात घेतले की सहा तासांत, हे बिल सांगत नाही. जाड पिनच्या साध्या सॉकेटवर गाडी तीन-सव्वातीन किलोवॉट ओढते. भिंतीवरचा चार्जरचा डबा बसवला तर २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअर, म्हणजे जवळपास ७.४ किलोवॉट. थ्री फेज असेल आणि गाडीला झेपत असेल तर ११. त्याच वेळी घरात एलईडी दिवे नऊ-नऊ वॉटचे, पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून कसाबसा अर्धा-पाऊण किलोवॉट होत असतो. म्हणजे पार्किंगमधली ही एक वस्तू वरच्या सगळ्या घराच्या दहापट जोर लावून ओढत असते, आणि घरातल्या कुणाला त्याचा पत्ताही नसतो, कारण तिचा आवाज येत नाही.

हे मला नीट समजावलं ते वायरमननी. गिझरसुद्धा तीन किलोवॉटचा असतो, मग त्याच्या सॉकेटवर गाडी का नको, असा माझा सरळ प्रश्न होता.

“ताई, गिझर पंधरा मिनिटं ओढतो, पाणी तापलं की गप्प बसतो. गाडी तशी नाही. ती बसली की बसली.”

“पण किलोवॉट तेच ना, दादा?”

“किलोवॉट तेच. पण पिन किती वेळ तापणार ते बघा की.”

थोडा वेळ जास्त करंट सोसणारी वायर तोच करंट चार-सहा तास सोसेलच असं नाही. सैल पिन, पातळ तार, जुना जोड, यांतली प्रत्येक जागा हळूहळू गरम होत जाते आणि एक दिवस सॉकेटच्या भोवती तपकिरी कडं दिसतं. म्हणून गाडीला मीटरपासून वेगळी तार, वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), गळतीचा करंट ओळखून तोडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग लागतं. यात काटकसर करू नये. या लेखात सरळ सल्ला म्हणावा असं एवढं एकच वाक्य आहे.

घरातल्या तारेचं जे, तेच रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचं. आपण सगळे एका गोड गृहीतकावर जगत असतो: सगळ्या घरांना सगळी वीज एकाच वेळी लागणार नाही. शंभर घरांना प्रत्येकी पाच किलोवॉटचा भार मंजूर असला, तरी त्यांच्यासाठी पाचशे किलोवॉटची सोय कुणीच करत नाही. त्यापेक्षा बरीच कमी करतात, आणि ते चुकीचंही नाही. माझा गिझर सहाला चालू होतो, शेजारच्यांचा साडेसहाला, वरच्या मजल्यावरचे तर गार पाण्यानेच अंघोळ करतात. प्रत्येकाचा उंच सुळका वेगळ्या मिनिटाला येतो आणि सगळ्यांची बेरीज केली की बऱ्यापैकी सपाट रेघ निघते. आपल्या सवयींमधला हा विस्कळीतपणाच शंभर-सव्वाशे वर्षं विजेच्या जाळ्याला सांभाळत आला आहे.

गाडी हे गृहीतक दोन बाजूंनी पोखरते. एक तर तिचा सुळका पंधरा मिनिटांत उतरत नाही, त्याचं पठार होतं. आणि दुसरं, आपण सगळे साधारण एकाच वेळी घरी येतो. त्याच वेळी दिवे लागतात, एसी लागतात, आणि त्यावर प्रत्येक घराचं सात किलोवॉटचं पठार. ट्रान्सफॉर्मर काही लगेच उडत नाही. तो तेलात बुडालेला असतो, तापायलाही वेळ घेतो आणि निवायलाही. पण त्याच्या आतलं कागदाचं इन्सुलेशन तापमानाला फार हळवं असतं. सर्वसाधारण कागद असेल तर ठरलेल्या मर्यादेच्या वर दर सहा अंशांना त्याच्या झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. आजवर रात्र ही ट्रान्सफॉर्मरची निवायची वेळ होती. संध्याकाळी तापायचं, मध्यरात्रीनंतर थंड व्हायचं. आता त्या वेळेवरही गाड्यांचा डोळा आहे.

मजा अशी की या सगळ्याचा विचार विजेच्या धंद्याने अगदी सुरुवातीलाच केला होता. १८८० च्या दशकात एडिसनच्या कंपनीचा मीटर म्हणजे जस्ताच्या पट्ट्या बुडवलेली बरणी होती. करंट वाहिला की एका पट्टीवरचं जस्त दुसरीवर जायचं, आणि कंपनीचा माणूस ठरावीक काळाने येऊन पट्ट्या काढून त्यांचं वजन करायचा. द्रावण थंडीत गोठू नये म्हणून मीटरच्या पेटीत एक दिवा ठेवायचे. (मोजणारं यंत्र स्वतःला ऊब मिळावी म्हणून वीज वापरतं, हे मला फार आवडतं.) १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात ओट्टो ब्लाथीने फिरत्या तबकडीचा मीटर आणला. पुढची शंभर वर्षं जगभरातल्या भिंतींवर जी अॅल्युमिनियमची चकती गरगरत राहिली ती त्याच वंशातली.

बरणी असो की चकती, दोन्हींना फक्त बेरीज येत होती. वीज कधी वापरली हे त्यांना ठाऊकच नसायचं. पण वीज बनवणाऱ्याला तेच महत्त्वाचं होतं, कारण तारेत वीज साठत नाही. जिच्यासाठी बटण दाबलं ती त्याच क्षणी कुठेतरी बनवावी लागते. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या तासाला पुरेल एवढं जनित्र उभारायचं आणि बाकीचा बहुतेक वेळ ते अर्धवट चालवायचं, हा खर्च कुणाच्या माथी मारायचा? इंग्लंडमध्ये ब्रायटनला आर्थर राइट यांनी ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती ओढली ते नोंदवणारा मीटर तयार केला. १८९४ साली शिकागोतल्या वीज कंपनीचा प्रमुख सॅम्युअल इन्सल याने तो तिथे पाहिला आणि ती कल्पना अमेरिकेत नेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर होत्या तेव्हा वीज कंपन्या त्यांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या, त्यांना विरोध म्हणून नव्हे, तर त्या विकल्या जाव्यात म्हणून! रात्री रिकामी फिरणारी जनित्रं कामाला लावणारं एवढं चांगलं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. गाडीला घाई नसते हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पुढे पेट्रोल जिंकलं आणि आपण ते विसरलो.

आता भिंतीवर स्मार्ट मीटर आला आहे. तो दर पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची नोंद वेगळी ठेवतो आणि आपणहून पुढे पाठवतो. त्याच्याबद्दल बाजूने आणि विरोधात इतकं बोललं जातं की त्याच्या मुख्य गुणाकडे दुर्लक्ष होतं. त्याने विजेला घड्याळ दिलं. मोबाइलवर पहिल्यांदा आदल्या दिवसाचा आलेख पाहिला तेव्हा मी बराच वेळ तो पाहत बसले. रात्रीही शून्यावर न येणारा एक तळ होता: फ्रिज, वायफाय, कुठकुठले लाल ठिपक्यांचे दिवे. सकाळी गिझरचे टोकदार सुळके. दुपारी काहीच नाही. आणि संध्याकाळी, बाकी सगळं ज्या तासांत जागं असतं नेमकं त्याच तासांत, गाडीची सरळ उभी भिंत आणि वर सपाट गच्ची. त्या चित्रात गाडी कुठली हे ओळखायला इंजिनिअर लागत नव्हता.

इंजिनिअर असला तर तो आणखी बरंच ओळखतो, हेही लगेच सांगायला हवं. एमआयटीतल्या जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की घराबाहेर एकाच जागी करंट मोजून आत कुठलं यंत्र कधी चालू झालं ते वेगळं काढता येतं. त्यासाठी मोजणी फार बारीक हवी, पंधरा मिनिटांची नोंद तेवढी बोलकी नसते. तरीही घर कधी रिकामं असतं, कोण रात्री जागतं, गाडी किती वाजता निघते, एवढं तिच्यातूनही कळतं. नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली सक्तीच्या स्मार्ट मीटरचा प्रस्ताव अडवला तो खासगीपणाच्या याच मुद्द्यावर. अशी शंका घेणाऱ्याला मी मागासलेला म्हणणार नाही. माझी नोंद कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, हे विचारणं हा बिल भरणाऱ्याचा साधा हक्क आहे. मात्र माझ्याच घराचा आलेख मला दिसणं आणि तो दुसऱ्या कुणाला दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला हवी आहे.

आलेख पाहिल्यावर जो तो टायमर लावतो. मीही लावला. रात्रीचा स्वस्त दर सुरू होतो तेव्हा गाडी सुरू. बहुतेकांची गोष्ट इथे संपते, खरी गंमत इथून पुढे आहे. दर बदलण्याची वेळ सगळ्यांना एकच असते, त्यामुळे सगळे टायमरही एकाच मिनिटाला उठतात. संध्याकाळी लोक निदान पाच-दहा मिनिटं पुढेमागे घरी पोचत होते. टायमरने तेवढाही विस्कळीतपणा ठेवला नाही. सगळ्यांनी शहाणपणा एकदम केला की त्याचीच गर्दी होते. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत यावर एक मजेदार तोड आहे. तिथे घरी बसवायच्या नव्या चार्जरने सुरू होण्याआधी शून्य ते दहा मिनिटांचा, प्रत्येक वेळी वेगळा, उगाचचा उशीर करायचा असतो. म्हणजे माणसांच्या अंगात जन्मजात असलेला वेंधळेपणा यंत्रांना कायद्याने शिकवावा लागला.

शिवाय रात्रच बरी, हेही आता सगळीकडे खरं राहिलेलं नाही. जिथे छपरांवर आणि माळांवर सौर पॅनल वाढले तिथे वीज दुपारी उतू जाते आणि सूर्य कलला की अचानक कमी पडते. कॅलिफोर्नियाचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, चालवणाऱ्यांनी २०१३ मध्ये सौर वीज वजा केल्यावर उरणाऱ्या मागणीचा आलेख प्रसिद्ध केला. दुपारी पोट खाली गेलेलं, संध्याकाळी मान ताठ वर. त्याला बदकाचं नाव पडलं ते कायमचं. भारतातही २०२३ मध्ये ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली ती सौर तासांत वीज स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग ठेवण्यासाठीच. म्हणजे ‘रात्री अकरानंतर’ ही भिंतीवर लिहून ठेवायची आज्ञा नव्हे. योग्य वेळ ऋतूप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे, ढगांप्रमाणे सरकत राहणार. ती रोज बघून रोज टायमर बदलत बसणं हे माणसाचं काम नाही.

हे काम यंत्र कसं करतं ते मात्र पाहण्यासारखं आहे. भिंतीवरच्या ज्या डब्याला आपण चार्जर म्हणतो तो चार्जर नसतोच. घरच्या विजेला बॅटरीला चालेल अशी करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं. डबा म्हणजे एक बोलका स्विच. गाडीच्या केबलमध्ये जाड तारांसोबत एक बारीक तार असते, तिच्यावरून डबा गाडीला सेकंदाला हजार ठोक्यांचा संदेश पाठवत राहतो. प्रत्येक ठोक्याचा किती भाग ‘चालू’ आहे यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर घ्यायची मुभा आहे. दहा टक्के भाग चालू म्हणजे ६ अँपिअर, पन्नास टक्के म्हणजे ३०. डबा ठोके आखूड करतो आणि गाडी निमूटपणे कमी ओढते.

आता घराच्या मुख्य तारेभोवती करंट मोजणारं एक कडं अडकवायचं आणि ते डब्याला जोडायचं. घरात गिझर लागला, एसी लागला, की कडं ते टिपतं, डबा ठोके आखूड करतो, गाडी सरकून जागा देते. गिझर बंद झाला की पुन्हा पुढे येते. रांगेत घाईच्या माणसाला पुढे सोडणारा एखादा सज्जन असतो ना, तसं. घराचा एकूण भार मंजूर मर्यादेच्या वर जात नाही, मुख्य ब्रेकर पडत नाही, कित्येक घरांना तर भार वाढवून घेण्याचीही गरज उरत नाही. हे सगळं त्या हजार ठोक्यांच्या भाषेत, कुणालाही न उठवता घडतं. गाडीच्या जाहिरातीत याचा उल्लेख कधी पाहिला नाही. वेग, पल्ला, पडद्याचा आकार, सगळं असतं.

या सज्जनपणालाही तळ आहे. ६ अँपिअरच्या खाली ही भाषा जात नाही. तेवढेही देता येत नसतील तर गाडीला थांबवूनच ठेवावं लागतं. आणि फार हळू भरणं म्हणजे काटकसर, असंही नाही. भरताना गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी असतात आणि तीही काहीशे वॉट घेऊ शकतात. दीड किलोवॉटने रात्रभर भरलं तर त्यांचा वाटा सात किलोवॉटने तासाभरात भरण्यापेक्षा बराच जास्त पडतो. बॅटरीच्या दृष्टीने मात्र उशीर बरा. लिथियमच्या बॅटऱ्यांना उन्हाळ्यात काठोकाठ भरून तासन्‌तास उभं राहणं मानवत नाही, त्यामुळे निघायच्या थोडं आधी भरणं संपलं तर तिचंही आयुष्य वाढतं. ग्रिडचं हित आणि बॅटरीचं हित इथे एकाच बाजूला आहे, ही आपली नशिबाची बाजू.

इथपर्यंत सगळं गाडीबद्दल झालं. माझी खरी कुरकूर आहे ती माणसांबद्दल.

‘विजेची मागणी गर्दीच्या वेळेबाहेर हलवा’ हे वाक्य फार निरुपद्रवी दिसतं. पण मागणी म्हणजे नुसता आलेख नसतो. सकाळचा गिझरचा सुळका म्हणजे शाळेची बस पकडायला निघालेलं मूल असतं. संध्याकाळचा एसी म्हणजे दिवसभर तापलेल्या खोलीत झोपू न शकणारी आजी. वॉशिंग मशीन रात्री बाराला लावा, असा सल्ला देणारे सहसा हे सांगत नाहीत की दीडला उठून ते कपडे वाळत कोण घालणार. बहुतेक घरांत त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. दराची रचना घराच्या दाराशी येऊन थांबते, आणि दाराच्या आत ती एका ठरावीक माणसाच्या झोपेवर जाऊन बसते.

बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये जानेवारी २०२३ पासून जाळ्याच्या वापराचं शुल्क बरंचसं घराच्या शिखरावर ठरतं: महिन्यातल्या ज्या पाव तासात सगळ्यात जास्त ओढलं तो पाव तास, आणि अशा बारा महिन्यांची सरासरी. कल्पना राइटच्या ब्रायटनच्या मीटरचीच, सव्वाशे वर्षांनी घरोघरी पोचलेली. तिचा तर्क मला पटतो, पण ती माणसाच्या पाव तासात आणि गाडीच्या पाव तासात फरक करत नाही. जर्मनीने जानेवारी २०२४ पासून आणलेला नियम त्या मानाने मला जास्त समजूतदार वाटतो. तिथे भागातल्या जाळ्यावर ताण आला की ते चालवणारी कंपनी गाडीचा चार्जर, हीट पंप (घर गरम करणारं यंत्र), एसी, घरची बॅटरी अशा मोठ्या नव्या यंत्रांचा जोर तात्पुरता ४.२ किलोवॉटपर्यंत खाली आणू शकते. पूर्ण बंद करू शकत नाही. दिवे, फ्रिज, बाकीचं घर याला हात लावत नाही. त्या बदल्यात शुल्कात सूट मिळते, आणि ‘इथे जागा नाही’ म्हणून कंपनी चार्जरची जोडणी नाकारू शकत नाही. ४.२ किलोवॉटने दोन तास म्हणजे पन्नासेक किलोमीटर. गाडीमालकाचं यात काय बिघडलं?

जे थांबू शकतं त्याने थांबावं आणि जे थांबू शकत नाही त्याला सोडून द्यावं, माझी मागणी एवढीच आहे. यात नवं काही नाही. न्यूझीलंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापासून विजेच्या तारेवरूनच एक वेगळा संकेत सोडून घरोघरचे पाणी तापवायचे बंब बंद-चालू केले जातात. ब्रिटनमध्ये तर बीबीसीच्या दीर्घलहरी केंद्रावरून रेडिओच्या कार्यक्रमांसोबत ऐकू न येणारा संदेश जायचा आणि त्यावर लाखो घरांतले रात्री तापणारे हीटर चालू व्हायचे. ती यंत्रणा बंद करायला २०२५ मध्ये सुरुवात झाली. बंबातलं पाणी तीन तास उशिरा तापलं तरी सकाळी गरमच मिळतं. गाडी हे त्याच बंबाचं धाकटं, पण भलतंच दांडगं भावंड आहे.

यातून एक अडचणीचा प्रश्न मात्र निघतो, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ज्याच्या घरी थांबू शकणारी वस्तू आहे त्याला स्वस्त वेळेचा सगळा फायदा मिळतो. माझं महिन्याचं बिल गाडीला रात्री ढकलून सहज खाली येतं. ज्या घरात गाडी नाही, बंब नाही, दोन पंखे, चार दिवे आणि एक फ्रिज आहे, त्या घराने काय हलवायचं? भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, इमारतीच्या आवारात स्वतःचा प्लग नसलेल्याने काय करायचं? त्यांच्या वाट्याला फक्त महाग संध्याकाळ येते. गर्दीच्या तासांचे दर चढवताना पहिल्या काही युनिटांना त्यातून वगळलं पाहिजे, असं मला वाटतं. त्याने संध्याकाळचं शिखर फारसं हलणार नाही, कारण ते त्या घरांनी उभारलेलंच नसतं.

गाडीतून उलट घराला किंवा ग्रिडला वीज द्यायची, हा या विषयातला सगळ्यात चमकदार भाग. विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्रे या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये ही कल्पना मांडली. जपानमध्ये २०११ च्या भूकंपानंतर निसानने २०१२ मध्ये लीफ गाडीवर घर चालवण्याचं यंत्र बाजारात आणलं. हिशेब मोहात पाडणारा आहे: गाडीत चाळीस-साठ युनिट, घराला दिवसाला सात-आठ. पण त्यासाठी दोन्ही दिशांनी चालणारी यंत्रणा हवी, गाडीची तयारी हवी, बॅटरीच्या जास्तीच्या झिजेचे पैसे कोण देणार हे ठरायला हवं, आणि लाइट गेलेली असताना माझ्या गाडीची वीज रस्त्यावरच्या तारेत शिरून तिथे काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर उठणार नाही याची पक्की खात्री हवी. लाइट गेल्यावर घर चालवायला मी गाडी आनंदाने देईन. रोज थोडी थोडी बॅटरी विकायला देण्याबाबत मी अजून हात आखडून आहे. उशीर सोसायला काही पडत नाही. झीज सोसायला पडते.

सध्या आमच्या डब्याच्या अॅपमध्ये मी दोनच गोष्टी भरल्या आहेत: सकाळी साडेसात, ऐंशी टक्के. मधले तास त्याचे. कधी तो मध्यरात्री सुरू होतो, कधी पहाटे, सुट्टीच्या दिवशी ऊन असलं तर दुपारी. बाबांना हे अजिबात मान्य नाही. गाडी दारात आली की भरलेली हवी, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, हा त्यांचा मुद्दा आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. म्हणून कितीही हट्टी टायमर असला तरी तीस टक्क्यांच्या खाली गाडी आली की आधी तेवढं भरून घ्यायचं, असं आमचं ठरलं. त्याशिवाय अॅपमध्ये ‘आत्ता’ असं एक बटण आहे. ब्रिटनच्या नियमांत असं बटण सक्तीचं आहे: ठरवून दिलेली वेळ मोडण्याचा हक्क मालकाकडे राहिलाच पाहिजे. बाबा अधूनमधून ते दाबतात, बहुतेक वेळा काही कारण नसताना, आणि आलेखावर संध्याकाळी पुन्हा एक भिंत उभी राहते. मी काही बोलत नाही. पण एखाद्या अपडेटमध्ये ते बटण गायब झालं, तर मात्र मी भिंतीवरचा डबाच बदलून घेईन.